स्कोपच्या आतल्या रिकाम्या जागा

भुकूम, मंगळवार संध्याकाळ

आज माझाच नवा ऑसिलोस्कोप उघडला. विजेची लहर पडद्यावर दाखवणारा, हातात मावणारा, स्वस्तातला. बटण अडकत होतं, म्हणून स्क्रू काढून आत पाहिलं. मागे छापलंय, चारशे व्होल्टपर्यंत चालेल. आत मात्र जास्तीचं व्होल्टेज अडवणारे पार्ट हवेत तिथे रिकाम्या जागा. बोर्डावर नुसत्या खुणा, पार्ट बसवलेलेच नाहीत. भिंग लावून पुन्हा पाहिलं. रिकाम्याच.

माझा बघून भावजींनीही असाच घेतलाय. ते घोटावड्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, चालू पॅनेलवर काम करतात. लगेच फोन लावला.

"भावजी, तो स्कोप पॅनेलला लावू नका. आत संरक्षण काहीच नाही."

"व्हय? सकाळी लावला तवा चर्र झालं. मला वाटलं, पॅनेलचाच आवाज हाय."

"आता कुठंय तो?"

"दुसऱ्या पाळीतल्या दत्तूला दिलाय. मोटर बघायची हाय त्याला."

दत्तूचा फोन नुसता वाजत राहिला. भावजी तसेच गाडी काढून कारखान्यात परत गेले. मी टेबलापाशी बसून त्या रिकाम्या जागांकडे बघत राहिले. दुसरं काय करणार होते?

आत्ता भावजींचा फोन आला. स्कोप दत्तूच्या हातातच फुटला. तळहात पोळलाय, डोळे वाचले.

मग भावजी हळूच म्हणाले, "वयनी, सायबानं तसलेच आणखी मागवलेत. म्हणतो, स्वस्त हायेत, फुटला तर फुटला."