दूधभात

नागपूर, १२ जानेवारी २०२५

ती. तुलसाताईंस,
रविताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमच्या डोंगरात फोन लागत नाही, म्हणून पत्र. तुमच्या पाकिटातून चंचलची चिठ्ठी मिळाली. माझ्या सहा वर्षांच्या पोरीने दोनच ओळी लिहिल्यात, पण त्यांनी माझी झोप उडवली. लिहिते, इथे सगळे मला दूधभात म्हणतात.

ताई, तुम्ही तिच्या सख्ख्या आत्या. तुमच्या भरवशावर तिला सोडून मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला आले. ती बुजरी आहे, कबूल. नाव चंचल आणि जागची हलत नाही. पण म्हणून चिडवायचं? असंच चालणार असेल तर ट्रेनिंग सोडून मी तिला न्यायला येते. खरं काय ते कळवा.

लोभ आहेच, या पत्राने कमी न व्हावा.

आपली,
रविता

दरेकसा, २० जानेवारी २०२५

चि. सौ. रवितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग तुझी कीव आली. वर्ध्याची तू, तुला कसं ठाऊक असणार! आमच्याकडे खेळातल्या सर्वांत लहान पोराला दूधभात म्हणतात. त्याने पळावं, लपावं. सापडलं तरी ते आउट नाही, त्याच्यावर डाव नाही. पहिल्याच दिवशी लपाछपीत चंचलवर डाव आला आणि तिने भोकाड पसरलं. तेव्हा शेजारच्या छोटेलालच्या दुर्गेशने हा निकाल दिला. वय वर्षे दहा, पण रुबाब पाटलाचा. हे चिडवणं नाही, लाड आहेत. ट्रेनिंग सोडायची भाषा पुन्हा काढू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
तुलसाताई

नागपूर, २ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंस सा. न. वि. वि.

अहो, हे तर आमचं कच्चं लिंबू! जीव भांड्यात पडला. पण आता वेगळंच कुतूहल लागलंय. यातून सुटका कधी होते? कोण करतं?

मी आठ वर्षांची होईपर्यंत कच्चं लिंबू होते. एकदा कडब्यामागे दिवेलागणीपर्यंत लपून बसले. पोरं केव्हाच घरी गेली होती. मला शोधायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. त्यानंतर मी खेळायला गेलेच नाही. ताई, तिचं तसं व्हायला नको. नऊ मार्चच्या रविवारी येते. तेव्हाही ती दूधभातच असेल तर सोबत नेईन, मग ट्रेनिंगचं काहीही होवो.

आपली माया असू द्यावी.

रविता

दरेकसा, २ मार्च २०२५

चि. सौ. रवितास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मला चैन नव्हती. दुर्गेशला गाठून म्हटलं, आता तिला पक्की कर. तर पोरगा तोंडावर म्हणाला की मोठ्यानं आमच्या खेळात कायले बोलावं, तिले पक्की व्हायचं असन तं तिनंच म्हणावं. मी आपली घरी आले.

काल दुपारी चंचल भाताच्या तणसाच्या ढिगामागे सापडली. दुर्गेशने नेहमीप्रमाणे सांगितलं की दूधभात आहे, जा, लप पुन्हा. ही हलेचना. मी अंगणात तांदूळ पाखडत होते, तिथवर तिचा आवाज आला की मी सापडली ना, मंग मले आउट काऊन नाही देत? इतका मोठा आवाज मी तिचा आजवर ऐकला नव्हता.

डाव आला. तासभर शोधत राहिली, एकही सापडेना. मलाच रडू फुटायची वेळ आली, ती काही रडली नाही. खेळ मोडला तेव्हाही डाव तिच्यावरच होता. जेवताना कौतुकाने दूधभात वाढला, तर ताट सारून वांग्याची भाजी मागितली!

खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत. लोभ तिच्यावर आहे तेवढाच तुझ्यावरही.

तुलसाताई

आई, तू रविवारी ये, पण मला नेऊ नको. डाव माझ्यावर आहे.