सारिकाच्या कात्रीचा आवाज

आई,

उद्या सकाळी शाळेत पालकसभा आहे आणि माझ्या फोनमध्ये एक आवाज आहे. तो सगळ्यांसमोर वाजवायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. मुलं घरी गेली आहेत, वर्ग रिकामा आहे, आणि विचारावं असं दुसरं कुणी सुचत नाही. तू निपाणीत जन्मभर विड्या वळल्यास. या आवाजातलं तुला जेवढं कळेल तेवढं आणखी कुणाला कळणार?

आधी फोनचं सांगते. तू गेलीस तेव्हा माझ्याकडे बटणांचा फोन होता आणि त्यावर तू अशी ओरडून बोलायचीस, की फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं. आता वर्गात मोठा पडदा आला आहे. त्यावर धड्यांचे व्हिडिओ दाखवायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. मी दाखवले. मुलं गप्प बसली, म्हणून सुरुवातीला मला बरंच वाटलं. मग लक्षात आलं, त्यांचे डोळे उघडे आहेत, एवढंच. पडदा बंद केला आणि फोन हातात घेतला.

चौथीच्या मुलांना सांगितलं, घरातला एक आवाज घरच्या फोनवर धरून आणा. बोलायचं नाही, नुसता आवाज. बाकीच्यांनी डोळे मिटून तो ओळखायचा आणि मग त्यावर लिहायचं. काय काय आणलं म्हणून सांगू! चरवीत पडणारी दुधाची धार, सदलग्याच्या बसच्या कंडक्टरची शिट्टी, कुणाच्या तरी आजोबांचं घोरणं. घोरण्याला सगळ्या वर्गाने ट्रॅक्टर म्हटलं. मग ते आवाज मुलांनीच फोनवर पुढेमागे जोडले, भांडून भांडून, आणि गावाच्या एका दिवसाची गोष्ट तयार झाली. ज्या पोराच्या वहीत एक ओळ उतरत नव्हती, त्याने शिट्टीवर पानभर लिहिलं. उद्या पालकांना हीच गोष्ट ऐकवायची आहे.

तुला आवडलं असतं का हे? की शाळेत हा कसला पोरखेळ म्हणून मलाच झापलं असतंस?

गोष्टीची सुरुवात सारिकाने आणलेल्या आवाजाने होते, कारण तिच्या घरी कोंबड्याच्याही आधी कात्री सुरू होते. विडीची पानं कापायची कात्री. मुलांनी लगेच ओळखली. मी मात्र ओळखलं ते वेगळंच. तुझी कात्री कशी चालायची! पानावर पत्र्याचं माप ठेवलं की एकच लांब काप, वळण, आणि पान सुपात. शेजारच्या मुली तुझ्याजवळ बसून कापायच्या, त्यांची कात्री कोपऱ्यावर अडायची, दोनदा चावायची, मग पुढे सरकायची. सारिकाच्या फोनमधली कात्री तशीच अडत होती. ती तिच्या आईची, रेखाची, कात्री नव्हती.

मी सारिकाला बाजूला घेऊन विचारलं. वाटलं, लपवेल. ती तर खूश झाली.

"तुम्हास्नी कळलं व्हय, बाई? आईचा अंगठा लई दुखतोय, कात्री धरवत न्हाय तिला. आता सगळी पानं मीच कापतोय."

तिचं उशिरा येणं, पाढे म्हणताना पेंगणं, सगळ्याचा उलगडा झाला. पोरीला रोज दुपारी घरी सोडा, असा रेखाचा निरोप आला होता, त्याचाही. अर्ध्या दिवसाची झालेली शाळा पुढे कशी बंद होते, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिलं आहे.

वर्गाला नुसती कात्री ऐकू आली. पण उद्या समोर त्यांच्या आया बसणार, आणि त्यातल्या बहुतेक विड्या वळणाऱ्या. दोन पानं कापून होईपर्यंत सगळ्या माना रेखाकडे वळतील. त्या अपमानानंतर ती मुलीला शाळेत ठेवेल का? वर कळवलं तर चौकशी होईल, रेखाला कारखान्याकडून पानं मिळायची बंद होतील, मग दोघींनी खायचं काय? आणि आवाज काढून टाकला तर सारिका विचारणार, बाई, माझाच का काढला? तिने तो किती कौतुकाने आणलाय, आई!

म्हणून आज शाळा सुटताच रेखाकडे गेले. फोन तिच्यापुढे ठेवला आणि आवाज लावला. हातातली विडी वळायची ती थांबली नाही, पण दोरा सारखा सुटत होता.

"मीच कापतोय म्हणून सांगा की," ती म्हणाली.

मी म्हटलं, बायकांना कळल्याशिवाय राहणार नाही.

"मग काढून टाका."

मग मी माझ्या नेहमीच्या सुरात सुरू झाले. माझ्या आईनेही विड्याच वळल्या, तरी मला कॉलेजपर्यंत शिकवलं, असं बरंच काही. तिने पहिल्यांदाच मान वर केली.

"तुमच्या आईचं हात चांगलं हुतं, बाई. म्हणून तुमी मास्तरीण झालासा."

मी उठून शाळेत परत आले.

चांगले होते का गं तुझे हात? शेवटी शेवटी तू पाण्याचा तांब्या दोन्ही तळव्यांत धरायचीस. मी म्हणायचे, वय झालं. की मी कॉलेजात होते तेव्हापासूनच दुखत होते? एकदा तरी बोलायचंस! विड्या वळताना तू मला मोठ्याने धडे वाचायला लावायचीस, ते धडे ऐकायला, की तुझं कण्हणं मला ऐकू येऊ नये म्हणून?

आता पुन्हा रेखाकडे निघाले आहे. दोनदा वर्गाच्या दारापर्यंत जाऊन परत बसले. एवढ्या वर्षांत कुठल्या पालकाच्या दारात जाताना असं झालं नव्हतं. तिला सांगणार, सोमवारी हात दाखवायला मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येते. हात बरा होईपर्यंत शाळा सुटली की पानं मी कापीन, सारिका शेजारी बसून वाचेल. तिने दार लावून घेतलं तर? माझ्या हातून पानं वाया गेली आणि तिने उठवून लावलं तर? आणि अंगठा बराच झाला नाही तर? याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.

बसू दिलं तर सारिकाच्या हातात फोन देईन. माझ्या कात्रीचा आवाज तिने धरायचा, आणि उद्या गोष्ट त्यानेच सुरू करायची. बायका ऐकतील, खुदखुदतील, हा कुठला अडाणी हात म्हणून एकमेकींना विचारतील. मी उभी राहून सांगेन, माझा.

तू मला कधी पानाला हात लावू दिला नाहीस. आज लावणार आहे, रागावू नकोस. सारिकाची शाळा मात्र अर्धी होऊ देणार नाही, हा तुला शब्द.

तुझी,
शोभा