उरलेले बारा सेकंद

जालना,
बुधवार दुपार

प्रिय नागसेन,

आपण रोज संध्याकाळी सहाला हॉलवर भेटतो, एकाच थर्मासातला चहा पितो, आणि तरी मी तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर तू मला वेड्यात काढशील. काढ. मला बोलता येत नाही असं नाही, माझ्या तोंडाचा पट्टा तुला माहीत आहे. पण ही एक गोष्ट तीन वर्षं जिभेवर येते आणि मी पोरांना रांगेत उभं करायच्या निमित्ताने सटकतो. कागदावर सटकता येत नाही. गोष्ट तुझ्या पोरीच्या, आपल्या अर्पिताच्या नाशिकच्या लढतीची आहे. तुला वाटतं तसं तिथे घडलं नव्हतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

आपण क्लब काढला तेव्हा मी धावड्याच्या तालमीतला पैलवान, आणि तू औरंगाबादला ज्युदो शिकून आलेला शाळामास्तर. मोंढ्यातलं ते गोदाम, भुसा भरलेल्या गाद्या आणि वर नंदावहिनींनी दाभणाने शिवलेली ताडपत्री. पहिल्याच दिवशी तू फळ्यावर लिहिलंस, अर्धा तास उभा खेळ, अर्धा तास जमिनीवरचा. मला हसू आलं होतं. गडी पाडला की विषय संपला, खाली लोळत काय बसायचं! तू म्हणाला होतास, "भुजंग, तुमच्या कुस्तीत पाठ टेकली की संपतं. हितं न्हाई संपत. पडल्यावर बी लढावं लागतं." मी मान डोलावली. पण वयाच्या आठव्या वर्षापासून जे अंगात मुरलं ते मान डोलावून जातं का? आमच्या तालमीत चीत झाल्यावर हातपाय झाडणाऱ्याला वस्ताद कानफटायचे. हरल्यावर गुमान उठायचं, समोरच्याच्या पाया पडायचं आणि अंगावरची माती झटकायची, हीच आमची अब्रू.

आता एक जुनी चोरीही सांगून टाकतो. पुढे तू मंगळवार आणि गुरुवार पूर्ण जमिनीच्या खेळाला दिलेस. ज्या मंगळवारी तुझी शाळेत मीटिंग असायची त्या मंगळवारी मी पोरांना उभाच खेळ द्यायचो. फेक बसली की धप्पकन आवाज येतो, भिंतीला टेकलेले आईबाप टाळ्या वाजवतात. तू शिकवायचास ते धरणं, सुटणं, पाय अडकवणं बघायला कोण थांबतंय? पोरंही मला सामील होती. एकटी अर्पिता तेवढी कुरकुर करायची. तिला तू घरी खाट बाजूला सरकवून गोधडीवर शिकवायचास, म्हणून तिचं दोन्हींकडे सारखं चालायचं. आपल्या क्लबात तिच्यासारखं दुसरं कोणी झालं नाही, हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही, आज करतो.

नाशिकला त्या दिवशी तू पलीकडच्या मॅटवर आपल्या बबलूच्या लढतीला बसला होतास, आणि अर्पिताच्या बाजूला कोचच्या खुर्चीत मी होतो. जिंकली असती तर राज्याच्या संघात गेली असती. तिने खांद्यावरून फेक घातली, ती अर्धवट राहिली, आणि समोरची नागपूरची पोरगी हिच्या पाठीवर आली. तिने हिला उलटं केलं आणि छातीवर आडवी पडून दाबलं. पंचाने हात पुढे केला, घड्याळ सुरू झालं. वीस सेकंद दाबून धरलं तर लढत गेली, त्याआधी हिने तिचा पाय आपल्या पायांत अडकवला तर घड्याळ बंद. तूच शिकवलेलं. नागसेन, ती लढत होती रे. कंबर उचलत होती, गुडघा आत घालत होती, अजून वीतभर सरकली असती तर पाय सापडला असता. आणि मला काय दिसलं? मला दोन्ही खांदे टेकलेले दिसले. चीत. पोरगी चारचौघांत हातपाय झाडतेय याची मला लाज वाटली आणि मी खुर्चीतून उठून ओरडलो, "संपलं, अर्पे! सोड! उठ आता!"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अंग सैल सोडलं. पाटीवर आठ सेकंद झाले होते. उरलेले बारा सेकंद ती छताकडे बघत पडून राहिली. खेळ चालू असताना ओरडलो म्हणून पंचाने मला बोट दाखवून दटावलं, तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो.

तू नंतर कोणाच्या तरी मोबाइलवर ती लढत पाहिलीस. त्यात नुसता गलका होता, माझा आवाज कुठेच नव्हता. तू तिला म्हणालास, "हारलीस त्याचं काही न्हाई. पन तू सोडून देलंस." तिने पट्ट्याची गाठ सोडली. मी तिची बॅग हातात घेऊन दोन पावलांवर उभा होतो, आणि खरं सांगितलं नाही. जालन्याला परतल्यावर तिने ज्युदो सोडला, बियाण्याच्या कंपनीत नोकरी धरली, आणि वर्षभरात एमआयडीसीच्या बाजूला तृप्ती नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहायला गेली. तू म्हणत राहिलास की पोरगी हट्टी आहे. मी हो ला हो करत राहिलो. लाज वाटते रे मला.

वहिनींना सगळं माहीत होतं. त्या आजारी पडून दवाखान्यात होत्या तेव्हा एके दिवशी त्यांनी तुला औषधं आणायला मुद्दाम पाठवलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, अर्पीनं सांगितलंय मला. पप्पाला भुजंगकाकाशिवाय कोन हाये म्हणून गप ऱ्हायली ती. तुमीच सांगा त्याह्यला. मी सांगितलं तर त्याह्यला वाटंल, पोरीला पाठीशी घालून राह्यली." मी म्हणालो, तुम्ही घरी या, मग सांगतो. त्या घरी आल्या नाहीत. त्यांना दिलेला शब्द मी नऊ दिवस खिशात घेऊन फिरलो, आणि दहाव्या दिवशी त्यांना खांदा दिला.

वहिनींच्या जलदान विधीच्या दिवशी सांगायचंच म्हणून आलो होतो. तुम्ही दोघं बापलेक वहिनींच्या फोटोच्या दोन बाजूंना बसला होतात. तिने पाण्याचा ग्लास तुझ्या हातात दिला नाही, फरशीवर ठेवला, आणि ती उठून गेल्यावर तू तो उचललास. मला ते बघवलं नाही. मी मंडपवाल्याबरोबर खुर्च्या घड्या करत बसलो आणि घरी निघून गेलो.

काल दुपारी तू शाळेत असताना अर्पिता हॉलवर आली होती. कंपनीने तिची हैदराबादला बदली केली आहे, रविवारी सकाळच्या गाडीने जाते आहे. म्हणाली, "पप्पाला आत्ता सांगू नका काका, गेल्यावर करीन फोन. तुमी तेवढं सांभाळा त्याह्यला." ज्याने तिचं वाटोळं केलं त्याच्यावर ती बापाला सोपवून चालली आहे. नागसेन, म्हणून लिहिलं. उद्या तू शाळेत निघायच्या आधी हे दाराखालून सरकवतो. हॉलची किल्ली शेजारी रखमाजीकडे ठेवली आहे, तू बोलावल्याशिवाय मी पाऊल ठेवणार नाही. माझ्याशी तू जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल, त्याला आपल्याला भरपूर वेळ आहे. तिच्यासाठी फक्त शनिवारपर्यंत आहे. तिची खोली दूध डेअरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना मागच्या बाजूने आहे. जा. तुझ्या पोरीने सोडलं नव्हतं, मी सोडायला लावलं.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझाच,
भुजंग