महाराजांच्या नाकाची परवानगी

१० सप्टेंबर २००५, एडिसन
दिवसभर लायब्ररी. थिसिससाठी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची फ्रेंच व्यंगचित्रांची साप्ताहिकं चाळतेय. ढेरपोटे पाद्री, तराजूत पुण्य तोलून विकणारे. मंत्र्यांची तर धडगतच नाही. आज एक भन्नाट कायदा सापडला. कुणाचं चित्र छापायचं तर आधी त्याचीच लेखी परवानगी घ्यायची. आणि हे पठ्ठे खरंच मागायला जायचे. चित्रावर बंदी आली की काही जण त्या जागी नुसती रिकामी चौकट छापायचे. एकटीच हसत बसले.

घरी आले तर काकूंची सोफ्यांची हलवाहलवी. त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आले त्याला तिसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात त्यांचे गुरू, महाराज, येतायत, मुक्काम इथेच. पादुकांसाठी विमानात वेगळी सीट, बेल्टसकट. "पादुकांचं जेवण व्हेज सांगितलंत ना?" विचारलं. काकूंनी मला सोफ्याचं दुसरं टोक धरायला लावलं.

१७ सप्टेंबर
पाद्यपूजा झाली. गराजमध्ये चपलांचा ढीग, रांगेत प्रत्येकाच्या हातात फाइल. ग्रीन कार्डाचे अडकलेले कागद पादुकांखाली ठेवायचे, महाराज निघाले की कुंकू लागून परत मिळतात. काकांचेही होते, सहा वर्षं अडकलेले. काकूंनी डोकं टेकलं. मग राग आला. काकूंचा नाही, समोर बसून पाकिटं घेणाऱ्याचा.

संध्याकाळी एका बैठकीत चित्र उतरलं. महाराज व्हिसाच्या खिडकीत, पादुकेने धडाधड शिक्के मारतायत, समोर फायली घेतलेली आमची सगळी रांग. वर पाटी: 'नेक्स्ट'.

२४ सप्टें.
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी माझं चित्र असतं. देशमुखकाका संपादक. या वर्षीचं बघून आधी पोट धरून हसले. तासाभराने फोन.
"कॅन्सल करावं लागेल गं. लोकांच्या भावना असतात. निम्मे स्पॉन्सर त्या रांगेत होते."
"महाराज स्वतः हो म्हणाले तर?"
"तर छापू की." आणि पुन्हा हसले.
ठरलं. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा एडिसनमध्ये लागू.

२८ सप्टें.
चित्र घेऊन महाराजांकडे निघाले तर काकू जिन्यात आडव्या आल्या. "आमच्या घरात राहून आमच्याच महाराजांची टिंगल? काकांचं काम अडकलंय, कळतं ना तुला?"
कळतं. म्हणून तर काढलंय. तसं म्हटलंही. आपलेच दात, आपलेच ओठ. वाईट वाटलं, पण वर गेलेच.

महाराजांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाले, "माझं नाक एवढं मोठं आहे?"
"व्यंगचित्रात थोडं वाढवतात."
"आणि छापायला माझी परवानगी पाहिजे तुला."
"हो. लेखी."
"ठेव तिकडे. बघू." बोट पादुकांकडे. सगळ्यांच्या फायलींवर माझं चित्र. म्हणजे आता मीही रांगेत. खाली येऊन खूप हसले, मग अजिबात हसू येईना.

२ ऑक्टो.
महाराज आज पुढच्या मुक्कामाला, क्युपर्टिनोला गेले, पादुका शेजारच्या सीटवर. काकूंनी कागद वाटले. प्रत्येकाचा कुंकू लागून परत आला. माझा तेवढा आला नाही.
"महाराजांनी बॅगेत घातला," काकू म्हणाल्या. "घडी न करता."
"रागावले होते?"
"मला नाही कळलं गं." आणि थोड्या वेळाने, "रांगेत मी पण आहे का त्यात?"
"आहात. दुसऱ्या."
काकांची फाइल उचलून वर गेल्या. पण खोली सोड असं काही म्हणाल्या नाहीत.

देशमुखकाकांना अंकासाठी रिकामी चौकट पाठवलीय, पूर्ण पानाची. खाली एकच ओळ: 'महाराजांकडे परवानगी मागितली आहे.' फोन आला, "अगं, हे तर चित्रापेक्षा वाईट." छापणार का, विचारलं. "बघतो." सगळे बघतायतच.

चित्र पुन्हा काढायला बसलेय. पहिल्यात नाक खरं तर मी भीतभीतच काढलं होतं. या वेळी नाक खरंच मोठं काढणार.