ओळखीच्या एक सुईणबाई

१२ नोव्हेंबर १९९३, शुक्रवार

झालं एकदाचं रेकॉर्डिंग! रेडिओवरचं माझं तिसरं भाषण, आणि आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं. विषय — नाळेतलं रक्त. पाच वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका मुलाला त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. त्याच्या हाडांत रक्तच नीट तयार होत नव्हतं, ते व्हायला लागलं. पोरगा जगला! नाळेत म्हणे नवं रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी असतात. "आणि हे अमृत आपण दर बाळंतपणात उकिरड्यात पुरतो!" — हे मी असं म्हटलं की काचेपलीकडचा माणूससुद्धा मान डोलवायला लागला.

दहा मिनिटांचं भाषण चाळीस सेकंद लांबलं. "मॅडम, कुठंतरी कापा." कापण्यासारखे दोन तुकडे होते. एक — हे रक्त साकळू न देता काढावं लागतं, फार थंडीत गोठवून ठेवावं लागतं, जुळावं लागतं, आणि आपल्याकडे ही सोय अजून नाही. दुसरा — "पूर्णा तालुक्यात माझ्या ओळखीच्या एक सुईणबाई आहेत. निरक्षर आहेत, पण त्या म्हणतात, वारेत जीव असतो."

पहिला कापला. दुसरा फार गोड जमला होता.

१३ नोव्हेंबर

ओळखीच्या सुईणबाई म्हणजे माझी आई. तानुबाई.

लिहिलं. वहीत लिहायला काय जातंय!

१४ नोव्हेंबर, रविवार

जात कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे, नेमणुकीच्या कागदावरच आहे. तिची मला लाज नाही, कधीच नव्हती. लपवलं ते आईचं काम. रसायनशास्त्राचे दत्तराव सर एकदा म्हणाले, "आई काय करतात तुमच्या?" मी म्हटलं, शेती बघते. हो, बघते ना. लोकांची. रस्त्यानं जाता-येता.

छप्पन साली आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. आईनं बाळंतपणं सोडली नाहीत. "ढोर सोडता येतंय, आडलेली बाई कशी सोडू?" लोकांच्या मागच्या दारानं आत जायची, घाण कपड्यांचं बोचकं घेऊन मागच्याच दारानं बाहेर यायची. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्या वस्तीवर चालून आलेल्यांत निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. पंधरा दिवस गेले नाहीत तर त्यातल्याच एकाची बायको अडली — आणि ही निघाली! मी दारात आडवी झाले. म्हटलं, यापुढं कुणाची नाळ कापलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.

तिनं विळा खाली ठेवला. पंधरा वर्षं पुन्हा हातात धरला नाही. त्या बाईचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर

काल सकाळी भाषण लागलं. आज स्टाफरूममध्ये कौतुकच कौतुक! "त्या सुईणबाईंचा प्रसंग फारच छान हो मॅडम." मी चहा पाजला सगळ्यांना.

३० नोव्हेंबर

केंद्रावरून पत्रांचा गठ्ठा आला. नऊ! मधल्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवत होते. सातवं पोस्टकार्ड जिंतूर तालुक्यातलं, बोरीचं. लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याचं. अर्ध्यावर मी वाचायची थांबले. ते इथं उतरवून ठेवते.

"माझी मुलगी मनकर्णा, वय आठ. तिच्या हाडात रक्त बनत नाही असे नांदेडच्या डाक्टरांनी सांगितले. दर महिन्याला दुसऱ्याचे रक्त चढवतो. घरी पौषात बाळंतपण आहे. नाळेतले रक्त कसे धरावे, कशात ठेवावे, ते कळवा. आमच्या गावच्या सुईणीला यातले काही माहीत नाही. तरी तुमच्या ओळखीच्या सुईणबाईंचा पत्ता द्यावा. मनी तुमचे भाषण ऐकून फार खूश आहे."

उरलेली दोन पत्रं वाचलीच नाहीत. "काय झालं?" — दत्तराव सर. म्हटलं, घसा दुखतोय.

आज रात्रीच्या आत उत्तर टाकायचं. सोपं आहे. इथं हे होत नाही, आशा धरू नका — दोन ओळी.

४ डिसेंबर

दोन ओळी होत नाहीत. इथं होत नाही म्हटलं की तो विचारणार, मग रेडिओत का नाही सांगितलं? आणि पत्ता द्यायचा म्हणजे नाव द्यायचं. आडनाव माझंच.

११ डिसेंबर

नाही लिहिलं. पेपर तपासायचे होते. खोटं कशाला लिहू — बाराच पेपर होते.

१९ डिसेंबर

पौष लागून पाच दिवस झाले. कार्ड पुस्तकात घातलंय. कुठल्या पुस्तकात ते मुद्दाम लक्षात ठेवलेलं नाही.

२७ डिसेंबर, सोमवार

लिहायलाच हवं. जसं झालं तसं.

दुपारी स्टाफरूममध्ये पाच-सहा जण होतो. शिपाई म्हणाला, मॅडम, खेड्यातून माणसं आलीत. दारात धोतर नेसलेला एक माणूस. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काचेची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. त्याच्या मागं आई.

माझी आई. कॉलेजात. पायात वहाणा नाहीत, त्या तिनं बाहेरच काढल्या होत्या.

मी उठले. तोंडात शब्द आलाही होता. तेवढ्यात दत्तराव सरांनी विचारलं, "कोण हो या?" आणि मी बोलायच्या आधी तीच बोलली —

"मी सुईन हाय, सायेब. ह्या बाईनं रेडिओत सांगितली ती."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लिंबाजीनं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं! वाटेत तिनंच त्याला गप्प राहायला सांगितलं असणार.

सर तर खूशच झाले. खुर्ची पुढं ओढली. आई बसेना. आणि मी — मी म्हटलं, "बसा ना, सुईणबाई."

हे मी म्हटलं.

लिंबाजी सांगत होता, "पत्राचा जवाब आला न्हाई. म्हनलं गहाळ झालं आसंल. मंग पुर्न्याकडं गेलो, गावोगाव इचारत हिंडलो. तिसऱ्या गावात ह्या सापडल्या. आदी येईनात. म्हने लेकीची शपथ हाय. मी रेडिओतलं समदं सांगितलं. मंग म्हनल्या, तिनं सांगितलं आसंल तर खरंच आसंल. आन् बोचकं बांधलं." आज पहाटे त्याला मुलगा झाला होता. आईनं बाटली उकळून घेतली, तीत नाळेतलं रक्त धरलं आणि दोघं पहिल्या एस्टीनं निघाले.

सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. बाटली कलती करून बघितली. रक्त साकळून गोळा झालं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं — साकळलं नसतं तरी इथं याचं काही करता आलं नसतं. मी गाळलेले चाळीस सेकंद त्यांनी एकही शब्द न वगळता सांगितले.

लिंबाजी माझ्याकडं वळला. "पन बाई, रेडिओत तर..."

मी म्हटलं, "वेळ कमी होता."

त्यानं हात जोडले! "तुमी तरी काय करनार. आमालाच नीट समजलं न्हाई."

नर्स बाटली मोरीत ओतायला निघाली. आईनं तिच्या हातातून काढून घेतली. "मोरीत नगं. लेकराचं हाय. पुरून टाकते." मग लिंबाजीला म्हणाली, "चला बिगी बिगी. तिकडं बाळंतीन वाट बघायलीय." मी स्टँडपर्यंत गेले. एस्टी हलली तरी आई खिडकीतून समोरच बघत होती.

२८ डिसेंबर

बसा ना, सुईणबाई.

६ जानेवारी १९९४

तिला पत्र लिहिणार होते. पण तिला वाचता येत नाही. शेजारचा सिताराम वाचून दाखवणार. म्हणजे माफीसुद्धा सितारामच्या तोंडून. पोस्टकार्ड फाडलं. उत्तरं न टाकण्यात आता माझा हात कुणी धरणार नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

नामविस्तार झाला! सोळा वर्षं! कॉलेजात पोलीस. स्टाफरूममध्ये तिळगूळ वाटला, पण बोललं कुणीच नाही, ना गोड ना कडू. मी दुपारच्या पॅसेंजरनं चुडाव्याला उतरून गावी गेले.

वस्तीत निळे झेंडे, हलगी, पेढे. म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. आई तेवढी घरात, भिंतीला टेकून बसलेली. पेढा हातात दिला तर तसाच बाजूला ठेवला.

मी तिचे पाय धरले. म्हटलं, त्या दिवशी तू तरी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तू रेडिओत ओळखीची म्हनलीस. चार लोकांम्होरं तुला खोटं कसं पाडू? म्हनून ओळखीचीच ऱ्हायले."

मी हमसून हमसून रडले. म्हटलं, सोमवारी सगळ्यांना सांगते. "सांग. न्हाईतर नगं सांगू. तुझं तू बघ," म्हणाली आणि पुन्हा आपल्या हातांकडं बघत बसली. वाटलं, माझ्यावरचा राग अजून गेला नाही. जायचाही नाही इतक्यात. गावात एवढा आनंद, आणि माझ्यापायी तिला पेढा गोड लागेना.

१७ जानेवारी, सोमवार

सांगितलं! "त्या दिवशी आल्या होत्या ना, ती माझी आई." मग दत्तराव सर हळूच म्हणाले, "मग तेव्हाच का नाही...?" मी तासाला निघाले. पण फार हलकं वाटलं. घरी येऊन पोटभर जेवले. महिनाभरानं जेवण जेवणासारखं लागलं. इतक्या स्वस्तात सुटल्याचीही थोडी लाजच वाटली.

२१ जानेवारी

लिंबाजीचं कार्ड.

"मनीला काल रक्त चढवले. आमचा मुलगा तिसऱ्या दिवशी वारला. तानुबाईंना तेव्हाच निरोप दिला होता. तुम्हाला कळवू नका असे त्या म्हणाल्या होत्या, पण एक विचारायचे आहे म्हणून लिहितो. दुसऱ्या कुणाच्या बाळाचे नाळेचे रक्त मनीला चालेल का?"

उत्तर लगेच लिहिलं. उभ्या उभ्या. जे आहे ते सगळं — मी काय कापलं होतं तेही.

२३ जानेवारी, रविवार

गावी जाऊन आले. आई आधी सांगेचना. मी उठले नाही, तेव्हा म्हणाली, "पोरगं ढिलं निघालं. रडंना. आशा येळी नाळंतलं रगत बोटांनी पोराकडं लोटायचं आसतंय. जल्मभर तसंच लोटलं. ह्या बारीला बाटलीकडं लोटलं. म्हनलं, तू शिकलेली हाईस."