एक ताट जास्त

रविवार, ३ ऑक्टोबर
आजचा उपदेश थेट काळजाला भिडला. पाच भाकरी, दोन मासे, त्यात प्रभूने पाच हजार माणसं जेवू घातली. पाळकसाहेब म्हणाले, आपल्या थोडक्यातलं थोडं द्या. दुकानाने माझे तास निम्मे केल्यापासून (मी चष्म्याच्या काचा घासतो) आमच्याकडे थोडकं भरपूर आहे. म्हणजे या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही. उपासना संपताच उठून योजना मांडली. प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर गरजवंतासाठी एक ताट जास्त मांडायचं. टाळ्या पडल्या. मंडळीने मलाच अध्यक्ष केलं. आमचा गरजवंत म्हणजे वरच्या मजल्यावरचे ऑर्गनवाले काका. चर्चने ऑर्गन विकून कीबोर्ड घेतला, तेव्हापासून बिचारे घरीच असतात. उद्यापासून श्रीगणेशा... नको, शुभारंभ.

सोमवार, ४ ऑक्टोबर
ताट मांडलं. निळ्या काठाचं, पाहुण्यांसाठीचं. पाहून भरून आलं. सूप दोघांपुरतंच होतं, म्हणून काकांना बोलावलं नाही. आधी ताटाची सवय व्हावी, माणसाची हळूहळू होईल. हिने विचारलं, हे रिकामं ताट रोज घासायचं कुणी? हिला प्रतीक वगैरे समजत नाही.

बुधवार, ६ ऑक्टोबर
काकांना बोलवायला निघालो. अर्धा जिना चढल्यावर मनात आलं, स्वाभिमानी माणूस आहे, दुखावला तर? परतलो. दुसऱ्याचं मन जपणं हेही दानच. हिला म्हटलं, प्रभू भावाचा भुकेला असतो. ही म्हणाली, प्रभूचं मला माहीत नाही, काका मात्र पोटाचे भुकेले आहेत. मग जेवायला बसलीच नाही. भूक नाही, मागाहून बघते, म्हणाली. रुसली असावी. मी मनाला लावून घेतलं नाही. नीट जेवलो.

शनिवार, ९ ऑक्टोबर
ही हल्ली माझ्याबरोबर जेवतच नाही. वजन मनावर घेतलंय वाटतं. तोंडभरून कौतुक केलं. हिने पातेलं जरा जोरात आपटलं.
शिवाय ऐन जेवणाच्या वेळी पदराखाली काहीतरी झाकून वर जाते. गप्पा छाटायला, दुसरं काय! इथे नवरा मंडळीसाठी लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय आणि बायकोला गप्पा सुचतायत.

रविवार, १० ऑक्टोबर
योजनेचा अहवाल सादर केला. बेकरीवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं की त्या ताटात आजवर जेवलं कोण? म्हटलं, योजना अजून मांडणीच्या टप्प्यात आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी बोलाचीच कढी, बोलाचाच भात असं पुटपुटलं. आवाज हिच्यासारखा होता, पण ही तर शेजारी डोळे मिटून प्रार्थना करत होती.
निश्चय: उद्या काका जेवायला. काही झालं तरी.

सोमवार, ११ ऑक्टोबर
पाऊल मुरगळल्यासारखं वाटतंय. जिना टाळला.

बुधवार, १३ ऑक्टोबर
पाऊल बरं आहे, पण आता भाषणाची तयारी करायची आहे. विषय 'त्याग'. पाळकसाहेबांनी रविवारी पाच मिनिटं दिली आहेत, मी वीस मिनिटांचं लिहितोय. लिहिताना फार भूक लागते. आज सूप दोनदा घेतलं. हिने पातेलं तिरकं करून वाढलं. चेहरा उतरलेला दिसतो हिचा. डाएटचं अति करू नये, असं प्रेमाने सांगितलं.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर, दुपार
ही तापाने पडून आहे. तरी सकाळी उठून सूप करून ठेवलं. पडल्या पडल्या म्हणाली, एक वाडगा झाकून ठेवलाय तेवढा काकांना नेऊन द्या. पातेल्यातलं तुमचं. रोज मीच नेते, आज उठवत नाही.
रोज! म्हणजे दान आपल्या घरातून कधीच सुरू झालं होतं आणि अध्यक्षाला पत्ताच नाही. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, घर माझंच की! भाषणात घालता येईल. आधी माझं जेवण उरकलं, आता वाडगा घेऊन निघतो. आज पूर्ण जिना चढणार.

संध्याकाळ
काकांनी दार उघडलं. टेबलावर दोन चमचे मांडलेले. म्हणाले, बसा, अर्धं तुमचं. इथली रीतच आहे. मी नको नको म्हटलं, पण देणाऱ्याला नाही म्हणू नये. काकांचे हात थरथरतात, सावकाश खातात. मी लवकर संपवलं.
माझा शेवटचा चमचा तोंडात असताना काका सांगायला लागले. बाई पहिल्या दिवशी वाडगा घेऊन आल्या तेव्हाच मी ओळखलं, ह्या स्वतःच्या वाट्याचं आणतायत. त्यांना अट घातली, अर्धं इथे बसून खाल्लंत तरच मी खाईन. आज बाई घरीच जेवल्या असतील ना, तापात पोटात काहीतरी जायला हवं.
मी वाडग्यात पाहिलं. वाडगा रिकामा होता.
खाली आलो. हिने डोळे उघडून पहिलं विचारलं, काका जेवले का? म्हटलं, जेवले. मग वाडगा मागून घेतला, आत पाहिलं आणि म्हणाली, सगळं संपवलं? बरं झालं, काकांना भूक लागली असेल.
मी हो म्हणालो. माझ्यासारखा हलकट माणूस अख्ख्या मंडळीत नसेल.
हिला काहीतरी द्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. पातेलं उघडलं. आत थेंब नाही, लख्ख. दुपारी मीच ते शेवटच्या पावाने पुसून घेतलं होतं.