साठाला चार कमी

३ सप्टेंबर
नगराध्यक्ष स्वतः प्रसूतिगृहात आले. म्हणाले, "सिस्टर, आता सगळं आपल्याच हातात." हातात कसलं, गळ्यात! यापुढे प्रसूतिगृह गावाने आपल्या कराच्या पैशातून चालवायचं. निम्मा खर्च सरकार देणार, पण वर्षाअखेर साठ बाळंतपणं झाली तरच. नाहीतर कुलूप. आजवर झाली चव्वेचाळीस. डिसेंबरपर्यंत दिवस भरणाऱ्या बाया अठरा, माझी लेक धरून. म्हणजे दोघी गेल्या तरी निभेल.

९ सप्टेंबर
दारोदार फिरले. सगळीकडे एकच — शहरात मोठं इस्पितळ आहे, डॉक्टर कायम असतात. आपल्याकडे बुधवारी आणि शनिवारी. शिंप्याच्या सुनेला म्हटलं, "अगं, तुझ्या नवऱ्याला मीच जगात आणलंय." हसली. इथेच राहते म्हणाली.
माझ्या हाताखालची ती पळपुटी नर्स आज इथे असती तर निम्मी घरं तिने केली असती. सात वर्षं तिला शिकवलं. कळा येत असताना बाईचा हात सोडायचा नाही, इथपासून. दुप्पट पगार दिसला आणि गेली शहरातल्या इस्पितळात. निरोप घ्यायला आली तेव्हा मी दार उघडलं नाही. तेव्हापासून आमच्या घरी तिचं हेच नाव.

२१ ऑक्टोबर
एक्कावन्न. जमतंय.

१४ नोव्हेंबर
लेकीचे दिवस भरत आले. बाळाचं डोकं खाली, सगळं जिथल्या तिथे. ती म्हणते, "आई, तू असताना मी कशाला कुठे जाऊ?" मी मात्र तीन दिवस डॉक्टरांचे वार मोजतेय. दुसऱ्यांच्या लेकींना हजारदा समजावलं, तेच स्वतःला समजावता येत नाही. बाळ काय वार बघून येतं?

१७ नोव्हेंबर
लेकीला शहरात न्यायला जावयांना गाडी आणायला सांगितली. इथे सुताराच्या बायकोला कळा सुरू, मला निघता येईना. गाडीत लेक माझा हात सोडेना. मीच सोडवून घेतला. शिंप्याची सून समोर दारात उभी होती.

१९ नोव्हेंबर
नात झाली. दोघी सुखरूप.

२ डिसेंबर
शिंप्याची सूनही शहरात गेली, पाठोपाठ आणखी चौघी. तिची सासू बाजारात भेटली. "राग मानू नका सिस्टर. पण तुम्हीच लेकीला इथे ठेवलं नाहीत." भाजी न घेताच परत आले.

३१ डिसेंबर
छप्पन्न.
नगराध्यक्ष ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "तुमचा काय दोष?" माझाच आहे. त्यांच्यापुढे सांगवलं नाही, म्हणून इथे लिहिते. मी भ्याले.

४ जानेवारी
कुलूप लागलं. किल्ली मीच नेऊन दिली.
संध्याकाळी लेक नातीला घेऊन आली. जावयांनी शहरात खोली बघितली आहे, पुढच्या महिन्यात जातील. जाऊ नका म्हणायला माझं तोंड कुठे आहे?

५ जानेवारी
सहज विचारलं, तिथले डॉक्टर कसे होते? लेक म्हणाली, "रागावू नकोस. डॉक्टर आलेच नाहीत गं, सगळं तुझ्या पळपुटीने केलं. माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणाली, सिस्टरनी असंच शिकवलंय."